छत्री हवी, पण श्वास मोकळा

पावसाळ्यात स्कूटर किक मारून मारून सुरू होत नाही, मग प्लग काढायचा, पुसायचा, पुन्हा बसवायचा, हा अनुभव एका पिढीच्या चांगलाच ओळखीचा आहे. फोक्सवॅगन बीटलसारखी जुनी, हवेवर थंड होणारी मोटार हौसेने जपणाऱ्यांनाही पावसात हेच दुखणे छळते. फरक इतकाच, की बीटलच्या इंजिनावर पाणी पडू नये म्हणून केलेला चुकीचा उपाय पावसापेक्षा जास्त नुकसान करू शकतो.

बीटलचे इंजिन मागे, जिथे इतर गाड्यांची डिकी असते तिथे असते. त्याला रेडिएटर नाही. डायनॅमोच्या दांड्यावर बसवलेला पंखा बाहेरची हवा ओढतो आणि पत्र्याच्या आवरणातून ती चारही सिलिंडरांवर सोडतो. जुन्या स्कूटरमध्ये फ्लायव्हीलचा पंखा हेच काम करतो. मात्र हवा उष्णता वाहून नेण्यात फार कच्ची. तापमानात तेवढीच वाढ होताना एक लिटर पाणी जितकी उष्णता उचलते, तितकी उचलायला तीन हजारांहून अधिक लिटर हवा लागते. म्हणूनच वेगात असताना हा पंखा सेकंदाला सुमारे 500 लिटर हवा आत घेतो.

ही हवा येते कुठून? बंद छताच्या बीटलमध्ये मागच्या काचेखालच्या झडपांमधून. जर्मनीत ओस्नाब्रुक येथे कारमान कंपनी 1949 ते 1980 या काळात कापडी छताची बीटल बनवत असे. तिचे दुमडलेले छत नेमके त्याच जागी येते. त्यामुळे हवेच्या फटी थेट इंजिनाच्या झाकणावर पाडाव्या लागल्या. झाकण तिरपे, फटी उघड्या, आणि पाऊस सरळ आत. यावर तोडगा म्हणून अशा अनेक झाकणांना आतून पत्र्याचे तबक बसवलेले असते. पाणी तबकात पडून नळीवाटे खाली जाते. हवा तबकाच्या कडेने वळसा घेऊन आत शिरते.

गरम इंजिनावर चार थेंब पडले तर ते वाफ होऊन उडून जातात. खरा नाजूक भाग ठिणगीचा. इग्निशन कॉइल बॅटरीच्या 6 किंवा 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर किंवा प्लगच्या वायरींवर धूळ, तेल आणि पाण्याचा ओला थर बसला की विजेला पळवाट मिळते. ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही आणि गाडी धक्के देत बंद पडते.

अशा वेळी सोपा वाटणारा उपाय म्हणजे फटींवर प्लॅस्टिक चिकटवणे. पण त्या फटी म्हणजे इंजिनाचे नाक आहे. ते दाबले की तेल तापून पातळ होते आणि भागांची झीज वाढते. बीटलच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नसतो, त्यामुळे चालकाला हे वेळेवर कळतही नाही. सैल कापड किंवा प्लॅस्टिक पंख्याने ओढले जाण्याचा धोका वेगळाच.

गाडीतल्या माणसांसाठी मात्र आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पावसात काचा बंद असतात आणि समोरच्या काचेवरचे धुके घालवायला हीटर लावला जातो. बीटलचा हीटर एक्झॉस्टच्या नळीभोवतीच्या आवरणातून गरम झालेली हवा थेट आत सोडतो. वर्षानुवर्षांच्या ओलीने ही नळी गंजून भोके पडली, तर त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. प्रवासात डोके दुखणे, मळमळ, गुंगी अशी लक्षणे दिसली तर हीटर बंद करून, काचा उघडून गाडी थांबवावी, मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. एक्झॉस्ट तपासल्याशिवाय हीटर पुन्हा लावू नये.

मग पावसाळ्यापूर्वी काय करावे? झाकणाखालचे तबक जागेवर आहे का ते पाहावे. दुरुस्तीच्या वेळी काढलेले तबक पुन्हा बसवायचे राहून जाते. त्याची नळी पानांनी आणि मातीने तुंबलेली नसावी. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला बारीक तडा असेल तर ती बदलावी. प्लगच्या वायरी स्वच्छ, कोरड्या आणि त्यांच्या रबरी टोप्या घट्ट असाव्यात. इंजिनाच्या कडेचे रबरी सील फाटले असतील तर नवे लावावेत; खालची गरम हवा पंख्याकडे वर येऊ न देण्याचे काम तेच करतात. गाडी धुताना पाण्याचा फवारा फटींवर मारू नये.

उभ्या गाडीवर कव्हर जरूर घालावे, पण हवा खेळेल असे. घट्ट प्लॅस्टिकखाली ओल कोंडते आणि गंज वाढतो. आणि किल्ली फिरवण्याआधी मागे जाऊन फटी मोकळ्या आहेत ना, हे एकदा डोळ्यांनी पाहावे.