चगताई तुर्कीतील स्वामित्वप्रत्यय आणि मराठीची षष्ठी

१५२६ मध्ये पानिपतची लढाई जिंकून दिल्लीत आलेल्या बाबराने आपले आत्मचरित्र चगताई तुर्कीत लिहिले. १५८९ मध्ये अब्दुर्रहीम खानखानाने त्याचा फारसी अनुवाद अकबराला सादर केला. मोगलांच्या राज्यकारभारात फारसीच प्रतिष्ठित झाली; तथापि तुर्की नामरूपाची एक खूण भारतीय भाषांत टिकून राहिली. ती ‘बेगम’ या शब्दात आढळते.

चगताईत नामाला प्रत्यय ठराविक क्रमाने लागतात : प्रथम वचनाचा, नंतर स्वामित्वाचा, शेवटी विभक्तीचा. ‘अत’ म्हणजे घोडा, ‘अत-लर’ घोडे, ‘अत-लर-इम’ माझे घोडे, ‘अत-लर-इम-गा’ माझ्या घोड्यांना. मराठीत ‘माझ्या’ हा स्वतंत्र शब्द जे काम करतो, ते येथे ‘-इम’ हा प्रत्यय करतो. ‘घोडा’चे ‘घोड्या’ व्हावे तसे सामान्यरूपही येथे होत नाही.

षष्ठीच्या रचनेत हा भेद अधिक स्पष्ट होतो. ‘घोड्याचे डोके’ यासाठी ‘अत-निंग बश-इ’ असे म्हणतात. ‘-निंग’ हा षष्ठीचा प्रत्यय, तर ‘बश’ला जोडलेला ‘-इ’ म्हणजे ‘त्याचे’. अर्थात संबंधाची खूण दोन्ही नामांवर उमटते. ‘घोड्याच्या डोक्यात’ म्हणावयाचे झाल्यास ‘अत-निंग बश-इ-दा’. ‘अत-निंग’ तसेच राहते. मराठीत मात्र ‘घोड्याचे डोके’, ‘घोड्याची शेपटी’, ‘घोड्याच्या डोक्यात’ अशी रूपे होतात. पुढील नामाचे लिंग, वचन व रूप यांनुसार षष्ठ्यन्त पद विशेषणाप्रमाणे बदलते. संस्कृतच्या साच्यावर विभक्तींची गणना करताना मराठी षष्ठीचा हा विशेषणधर्म दृष्टीआड होतो. तुर्कीशी तुलना करता तो ठळकपणे ध्यानी येतो.

‘बेग’ म्हणजे सरदार आणि ‘बेग-इम’ म्हणजे ‘माझा सरदार’. हेच आदरार्थी संबोधन पुढे कुलीन स्त्रीला लावले जाऊ लागले, अशी ‘बेगम’ची सामान्यतः स्वीकृत व्युत्पत्ती आहे; ‘खानम’ची घडणही तशीच. बाबराची कन्या गुलबदन हिच्या नावापुढील ‘बेगम’ ही केवळ पदवी उरली. त्यातील ‘माझा’ लोपला. मराठीने तर ‘बेगमेला’, ‘बेगमांना’ अशी स्वतःची रूपे सिद्ध केली. ‘माझी बेगम’ असे म्हणताना व्युत्पत्तीच्या दृष्टीने स्वामित्व दोनदा व्यक्त होते. परंतु ही द्विरुक्ती बोलणाऱ्यास जाणवत नाही. उसना शब्द आपल्या भाषेचा प्रत्यय सोबत आणतो. त्या प्रत्ययाचे कार्य मात्र आणू शकत नाही. ते कार्य घेणारी भाषा आपल्याच साधनांनी करते.