फेवरिटवर सगळे पैसे लावले तर? टोटच्या पूलचं साधं गणित

आजच्या भागाचं हे लिखित रूप. यावेळी आकडे जरा जास्त आहेत, त्यामुळे ज्यांनी भाग ऐकलाय त्यांनीही एकदा नजर टाका. कानाने निसटलेला हिशेब डोळ्यांनी पटकन पकडता येतो.

प्रश्न अगदी साधा आहे. घोड्यांच्या शर्यतीत एक घोडा इतका भारी आहे की तो हरणारच नाही, असं सगळ्यांना वाटतंय. मग त्याच्यावर मोठी रक्कम लावून टाकायची. नफा थोडाच, पण खात्रीचा. यात चूक काय?

उत्तर द्यायच्या आधी पैसे नेमके कुठे जातात ते बघू.

बुकी वेगळा, टोट वेगळा

बुकी तुम्हाला भाव देतो. त्या क्षणी ठरलेला भाव तुमचा. टोटमध्ये तसं नसतं. तिथे सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमा होतात, क्लब आणि सरकार आपला वाटा काढून घेतात आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. हरणाऱ्यांच्या पैशातून जिंकणाऱ्यांना मिळतं. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरचा टोट याच तत्त्वावर चालतो.

या पद्धतीचं मूळ नाव 'परी म्युच्युएल', म्हणजे आपसातली पैज. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर या माणसाने ती सुरू केली. पुढे १८८९ मध्ये प्रसिद्ध 'मुलाँ रूज' सुरू करणाऱ्यांतला हाच तो. १९१३ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये जॉर्ज ज्युलियसचं टोटचा हिशेब ठेवणारं यंत्र बसलं. गंमत म्हणजे ज्युलियसने ते मुळात मतमोजणीसाठी डोक्यात आणलं होतं. तसं पाहिलं तर टोट म्हणजे मतदानच! फरक एवढाच, की इथे मत पैशाने द्यायचं.

तुमचाच पैसा तुमचा भाव पाडतो

आता हिशेब. समजा विनच्या पूलमध्ये १ लाख रुपये आहेत. त्यातले ५० हजार फेवरिटवर. कटौती २० टक्के धरू. वाटायला उरले ८० हजार. फेवरिट जिंकला तर रुपयाला १.६० मिळतील. छान.

ते बघून तुम्ही ५० हजार फेवरिटवर लावले. पूल झाला दीड लाख, कटौतीनंतर १ लाख २० हजार. फेवरिटवर आता १ लाख आहेत. भाव आला १.२० वर. तुम्हाला दिसलेला ६० पैशांचा नफा तुमच्याच पैशाने २० पैशांवर आणला.

अजून कोणीतरी १ लाख टाकले. पूल अडीच लाख, वाटायला २ लाख आणि फेवरिटवरही २ लाख. म्हणजे रुपयाला रुपया. घोडा जिंकला, तुम्ही बरोबर ठरलात आणि हातात शून्य नफा!

शिवाय बोर्डवर दिसणारा भाव हा तात्पुरता असतो. खिडकी बंद झाल्यावर जो निघेल तो खरा. मोठ्या रकमा अगदी शेवटच्या मिनिटाला आल्या, तर तुम्ही १.६० बघून लावलेल्या तिकिटाला १.२० मिळू शकतात. तक्रार करायला जागाच नाही, कारण भावाचं वचन तुम्हाला कोणी दिलेलंच नव्हतं.

वर 'ब्रेकेज' आहे. रक्कम खालच्या आकड्याकडे गोल करायची पद्धत. अमेरिकेत कित्येक ठिकाणी डॉलरला १९ सेंट नफा निघाला, तरी हातात १० च पडतात. ५ डॉलर मिळवून देणाऱ्या घोड्यावर ९ सेंट गेले तर कळतही नाही. फेवरिटवर मात्र जवळजवळ अर्धा नफा गेला.

मग लोक फायदा शोधतात कुठे?

अमेरिकेत मुख्यतः तीन साधे पूल असतात. 'विन' म्हणजे पहिला. 'प्लेस' म्हणजे पहिल्या दोनांत. 'शो' म्हणजे पहिल्या तिघांत. तिन्ही पूल वेगवेगळे. आणि शोमध्ये फेवरिट हरायची शक्यता सगळ्यांत कमी.

त्यात एक नियम आहे. जिंकलेल्या तिकिटाला किमान काहीतरी नफा द्यावाच लागतो. अनेक राज्यांत २ डॉलरला निदान २.१० डॉलर, म्हणजे ५ टक्के. पूलमध्ये तेवढे पैसे नसले तरी! तूट रेसकोर्सने भरायची. याला 'मायनस पूल' म्हणतात.

हिशेब बघा. शोच्या पूलमध्ये ४ लाख, त्यातले ३ लाख ६० हजार एकट्या फेवरिटवर. २० टक्के कटौतीनंतर उरले ३ लाख २० हजार. फेवरिट पहिल्या तिघांत आला. सोबत आलेल्या दोन घोड्यांवर १० हजार आणि ६ हजार होते. जिंकलेली तिकिटं एकूण ३ लाख ७६ हजारांची. त्यांना ५ टक्के नफ्यासह द्यायचे ३,९४,८००. ज्या रेसकोर्सला ८० हजार मिळायचे, त्याच्याकडे उरले फक्त ५,२००.

म्हणून काही खेळाडू अशाच शर्यतींची वाट बघत बसतात. फेवरिट पक्का, किमान नफा नियमाने बांधलेला, दोन मिनिटांत ५ टक्के. बँकेत वर्षभर थांबायला नको. आणि म्हणूनच घोडे कमी असले किंवा फेवरिट फारच भारी असला, की कित्येकदा शोचा पूल उघडलाच जात नाही.

आता दुसरी बाजू

५ टक्के नफ्यावर खेळायचं तर २० वेळा जिंकून जे कमावलं ते एकदा हरलं की साफ. २१ वेळा लावून २० वेळा जिंकलात, तरी तुम्ही जिथून निघालात तिथेच. म्हणजे बरोबरीत राहायलाच ९५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळा बरोबर यावं लागतं. 'जवळजवळ नक्की' इथे पुरत नाही.

आणि घोडा म्हणजे जिवंत प्राणी. २००८ चा बिग ब्राउन आठवा. तोपर्यंत अपराजित, केंटकी डर्बी आणि प्रीकनेस दोन्ही खिशात. बेलमाँटला तो प्रचंड फेवरिट होता. वळणावर जॉकीने त्याला आवरतं घेतलं आणि तो सगळ्यांत शेवटी आला.

आपल्या उदाहरणात फेवरिट पहिल्या तिघांत आला नाही तर काय होतं? जिंकलेल्या तिघांवर मिळून फक्त २० हजार आहेत असं धरा. त्यांची मुद्दल बाजूला काढली तर ३ लाख उरतात. प्रत्येक घोड्याच्या वाट्याला १ लाख. ज्याच्यावर ४ हजार होते, त्याला रुपयाला २६ रुपये. तेही तिसरा आला म्हणून! फेवरिटवाल्यांचे पैसे असे दुसऱ्यांच्या ताटात पडतात. अशा मोठ्या रकमा लावणाऱ्यांना तिकडे 'ब्रिज जंपर' म्हणतात. हरल्यावर पुलावरून उडी मारायची वेळ येते, म्हणून. नाव क्रूर आहे, पण ते उगाच पडलेलं नाही.

म्हणजे फायदा अजिबात नाहीच?

आहे, पण तो घोड्यात नसतो, गर्दीच्या चुकीत असतो. ९ जून १९७३, बेलमाँट. सेक्रेटेरियट ३१ लेंग्थने जिंकला. २ डॉलरच्या विनच्या तिकिटाला मिळाले २.२० आणि प्लेसच्या तिकिटाला २.४०. पहिला येणं अवघड, पहिल्या दोनांत येणं सोपं, तरी सोप्याला जास्त पैसे! कारण सगळे विनवर तुटून पडले होते. विनची ५,६१७ तिकिटं तर लोकांनी आठवण म्हणून वटवलीच नाहीत.

१९८१ मध्ये हाउश, झिएम्बा आणि रुबिनस्टाइन यांनी हेच गणितात मांडलं. विनच्या पूलवरून घोड्याची खरी शक्यता काढा आणि प्लेस-शोमध्ये त्याच्यावर प्रमाणाबाहेर कमी पैसे असतील तेव्हाच लावा. हाँगकाँगमध्ये बिल बेंटरनेही संगणक आणि भरपूर डेटा घेऊन गर्दीपेक्षा अचूक अंदाज बांधले. पण अशी पद्धत पसरली की लावणारे वाढतात, आणि पूलमध्ये लावणारे वाढले की नफा आटतो.

आपल्याकडे तर ओझं आणखी मोठं आहे. ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं, हे खरं. पण कायद्यातलं कौशल्य वेगळं आणि खिशातला नफा वेगळा.

म्हणून उद्या टेलिग्रामवर कोणी 'शंभर टक्के फेवरिट, डोळे झाकून लाव' म्हणाला, तर त्याला दोनच प्रश्न विचारा. माझे पैसे पडल्यावर भाव काय उरेल? आणि एकदा हरलो तर किती वेळा जिंकून ते भरून निघेल? उत्तर आलं नाही, तर तो तुम्हाला घोडा सांगतोय, हिशेब नाही.

भाग आवडला तर मित्रांना पाठवा. टिप देणाऱ्या मित्राला आधी पाठवा!