निळे आकाश, करडा पडदा

ज्या युद्धात शस्त्र चालवणारा सैनिक रणांगणापासून हजारो किलोमीटर दूर, स्वतःच्याच देशातील एका बंद खोलीत बसून कॅमेऱ्याने पाठवलेले चित्र पाहतो आणि त्यावरून क्षेपणास्त्र सोडतो, त्याला दूरस्थ युद्ध म्हणतात. अमेरिकेने ऑक्टोबर २००१ मध्ये अफगाणिस्तानात ‘प्रिडेटर’ या वैमानिकरहित विमानातून, म्हणजेच ड्रोनमधून, क्षेपणास्त्रे डागली आणि ही युद्धपद्धती रूढ होऊ लागली. पुढे ‘प्रिडेटर’ची जागा अधिक मोठ्या ‘रीपर’ने घेतली. नेवाडाच्या वाळवंटातील क्रीच हवाई तळावरून वैमानिक आणि कॅमेरा व लेसर सांभाळणारा त्याचा सहकारी उपग्रहामार्फत ही विमाने चालवतात, आणि लास वेगास तेथून सुमारे सत्तर किलोमीटरवर असल्यामुळे पाळी संपली की ते गाडीने घरी जाऊन मुलांबरोबर जेवायला बसू शकतात.

अशा युद्धाचे नाटक लिहिणे कठीण असते, कारण युद्धनाट्य आजवर ज्या गोष्टीवर उभे राहिले ती, म्हणजे योद्ध्याने स्वतःचा जीव पणाला लावणे, येथे उरतच नाही. ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या शोकांतिकेतील योद्धा एजॅक्स भ्रमात गुरांची कत्तल करतो आणि भानावर आल्यावर आत्महत्या करतो; त्याची ही अवस्था रणांगण पाहून आलेल्या सैनिकांना इतकी ओळखीची वाटते, की अमेरिकी दिग्दर्शक ब्रायन डोरीझ गेली अनेक वर्षे त्यांच्यापुढे या शोकांतिकेचे वाचन घडवून आणत आले आहेत. पण जो रणांगणावर गेलाच नाही, त्याला जखम कशी होते?

जॉर्ज ब्रँट या अमेरिकी नाटककाराच्या ‘ग्राउंडेड’ने या प्रश्नाला उत्तर दिले. २०१३ मध्ये एडिंबरा आणि लंडन येथे गाजलेल्या या एकपात्री नाटकाची नायिका एफ-१६ लढाऊ विमान चालवणारी वैमानिक आहे. उंचावरच्या निळ्या आकाशावर तिचे प्रेम आहे, पण ती गरोदर राहते, मुलीला जन्म देते आणि परत रुजू होते तेव्हा तिला विमानाऐवजी ड्रोन चालवण्याचे काम मिळते. आता बारा-बारा तास तिच्यासमोर असतो तो करडा पडदा. लढाऊ वैमानिक लक्ष्यावर मारा करून क्षणात दूर निघून जातो, ड्रोनचा कॅमेरा मात्र तेथेच घिरट्या घालत राहतो आणि स्फोटानंतर विखुरलेली शरीरे तिला पाहावी लागतात. पूर्वी युद्धावर जाणे आणि युद्धावरून परतणे यांत महिने जात, आता तो प्रवास रोजचा झाल्याने घर आणि रणांगण यांतली सीमा पुसली जाते, आणि शेवटी लक्ष्य ठरलेल्या माणसाकडे धावणाऱ्या लहान मुलीत तिला स्वतःची मुलगी दिसू लागते. ती ड्रोन वळवते. तरीही क्षेपणास्त्र सुटतेच, कारण तिच्यावरही कोणाची तरी नजर असते. मानसशास्त्रज्ञ ज्याला नैतिक आघात म्हणतात, म्हणजे स्वतःच्या सदसद्विवेकाविरुद्ध वागल्याने किंवा तसे घडताना पाहिल्याने मनावर होणारी जखम, तो येथे व्याख्येवाचून कळतो.

लंडनच्या प्रयोगात ल्यूसी एलिन्सन ही अभिनेत्री जाळीदार कापडाच्या चौकोनी पेटीत उभी राहून बोलत असे, आणि एका बंदिस्त शरीराकडे टक लावून पाहता पाहता प्रेक्षकांच्या लक्षात येई की आपणही पाळत ठेवणाऱ्यांत सामील झालो आहोत. याच कथेवर जेनीन टेसोरी यांनी रचलेला ऑपेरा २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर आला. त्यात नायिकेचे दुभंगलेले मन दाखवण्यासाठी दुसरी गायिका योजली होती आणि नेपथ्यात प्रचंड पडदे होते, पण मूळ नाटकातील एकाकीपणाची धार या भव्यतेत बोथट होते.

या नाटकाची मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. २०१३ मध्येच, ऑक्टोबरच्या अखेरीस, पाकिस्तानातील उत्तर वझिरीस्तानचे एक कुटुंब अमेरिकी संसदेतील सदस्यांपुढे साक्ष देण्यास आले होते. आदल्या वर्षी शेतात ड्रोन हल्ल्यात आजी मारली गेली आणि नातवंडे जखमी झाली, आणि त्यांपैकी तेरा वर्षांच्या मुलाने सांगितले की निळे आकाश आता त्याला आवडत नाही, करडे आकाशच बरे वाटते, कारण ढगाळ हवेत ड्रोन उडत नाहीत. ब्रँटच्या नायिकेसाठी निळा रंग मुक्तीचा आणि करडा ऱ्हासाचा आहे, या मुलासाठी नेमके उलट आहे, आणि हा उलटा अर्थ ‘ग्राउंडेड’च्या संहितेत कोठेही उमटत नाही. मारणाऱ्याच्या मनाचे इतके प्रामाणिक चित्रण करणारे नाटक मरणाऱ्याला पडद्यावरची आकृतीच ठेवते. युद्धाची मानवी किंमत मोजताना हा हिशेब अर्धाच राहतो.

भारतानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘रीपर’च्याच कुळातील ३१ एमक्यू-९बी ड्रोन घेण्याचा करार केला आहे. एकपात्री प्रयोगांची सशक्त परंपरा असलेल्या मराठी रंगभूमीवरच्या लेखकांनी हा विषय आता परका मानू नये, आणि लिहायला घेताना आकाशाखाली उभ्या असलेल्या माणसापासून सुरुवात करावी.