डोळ्याची बाहुली सरकली तर

समजा, निफाडकडची एक बाई रोज सकाळी द्राक्षबागेत जाते. एका डोळ्याने तिला धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. दुपारपर्यंत ते निवळते. एक दिवस ती आरशात पाहते, तो काय! त्या डोळ्याची बाहुली एका बाजूला ओढलेली. कुणी म्हणते, दृष्ट लागली. कुणी म्हणते, मध घाल.

आम्ही सांगतो, यातले काही करू नका. हा एक विरळा आजार आहे. डॉक्टर त्याला आय.सी.ई. सिंड्रोम म्हणतात. १९५६ साली अमेरिकेतल्या चँडलर नावाच्या डॉक्टरांनी त्याच्या एका प्रकाराची माहिती लिहिली. तो बहुधा तरुण व मध्यम वयाच्या बायकांना होतो, आणि बहुतेक एकाच डोळ्याला. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

हे होते कसे? डोळ्याच्या पुढे काचेसारखा पडदा असतो. त्याच्या आतल्या बाजूला बारीक पेशींचा एक थर असतो. तो पडद्यातले पाणी बाहेर काढतो, म्हणून पडदा स्वच्छ राहतो. या आजारात तो थर बिघडतो. रात्री डोळा मिटलेला असतो, पाणी सुकत नाही. म्हणून सकाळी धूसर दिसते.

बिघडलेल्या पेशी पुढे सरकतात, रंगीत पडद्यावर पसरतात. त्या आवळल्या की बाहुली ओढली जाते. कधी पडद्याला भोकेही पडतात. डोळ्यातले पाणी वाहून जाण्याची वाटही बुजते. पाटात गाळ साचला की पाणी तुंबते, तसेच हे. डोळ्यात दाब वाढतो. त्यातून काचबिंदू होऊ शकतो. त्याने गेलेली नजर परत येत नाही. खरे भय इथेच आहे.

म्हणून लवकर डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात डोळे तपासतात. यंत्रापुढे हनुवटी टेकवून डोळा बघतात. दाब मोजतात. आतल्या थराचा फोटो काढला की आजार ओळखता येतो. तो फोटो काढायला मोठ्या दवाखान्यात जावे लागले, तर जा.

हा आजार मुळापासून जात नाही, पण नजर राखता येते. दाब कमी करायला थेंब देतात. ते रोज घालायचे, बरे वाटले तरी थांबवायचे नाहीत. थेंबांनी भागले नाही, तर पाण्याला नवी वाट करायची शस्त्रक्रिया करतात. पडदा फारच धूसर झाला, तर दान मिळालेल्या डोळ्यातला आतला थर बसवतात.

बाहुली सरकली, तर घाबरू नका. पण घरी बसूही नका.