३१ ऑक्टोबर: फ्रेडी, हॉस्टेल आणि आईचा फोन

१९७५ साली आजच्याच दिवशी क्वीन बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं. जवळपास ६ मिनिटांचं गाणं आणि ध्रुवपदच नाही! एवढं लांब रेडिओवर कोण वाजवणार, अशी शंका होती. तरी ब्रिटनमध्ये ते सलग ९ आठवडे एक नंबरवर राहिलं.

ते लिहिणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या हॉस्टेलात शिकला. आईवडील पार झांजिबारला. पाचगणीतच शाळेच्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा.

आपल्या बीडमधूनही आता ऊसतोडीच्या गाड्या निघतात. कित्येक पोरं हॉस्टेलवर नाहीतर आजीकडं राहतात.

तर आजचा सल्ला: मित्राला ६ मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवू नका, तुम्ही काय फ्रेडी नाही. पण फडावरून आईचा फोन आला तर ६ मिनिटं बोलाच. 'जेवलास का?' हे तिचं ध्रुवपद. कितीदा आलं तरी स्किप करायचं नाही!