अर्ज भरला, पण खातं आधारला जोडलंय का?

देवरी-सालेकसातून गोंदियाला कॉलेजात आलेली मुलं शिष्यवृत्ती शोधून काढतात. गाडी अडते ती बऱ्याचदा बँकेत. महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवरून मिळणारा शिष्यवृत्तीचा पैसा आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतो.

अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २.५ लाखांच्या आत लागतं. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेची मर्यादा मात्र ८ लाख. खुल्या गटातल्या पालकांनी हे जरूर वाचावं! शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ योजना आहे. तिची चौकशी देवरीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करता येते.

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढलेला बरा.

अर्ज प्रथम कॉलेज तपासतं, नंतर संबंधित विभाग. त्रुटी निघाली की तो विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये परत येतो, म्हणून अधूनमधून उघडून पाहावं. पुढच्या वर्षी नूतनीकरणही करावं लागतं.