सागाला घाई चालत नाही

सुरतेहून हजिऱ्याच्या वाटेवर, तापीच्या उत्तरेस, इच्छापोर गाव लागते. आज त्या बाजूला कारखान्यांची वर्दळ आहे. परंतु एके काळी ह्याच तापीकाठी सागाची जहाजे बांधली जात. सुरतेस हे काम शिकलेले लवजी नसरवानजी वाडिया १७३६ च्या सुमारास मुंबईस गेले. त्यांच्या घराण्याने १८१७ साली मुंबईत मलबारी सागाचे बांधलेले ‘त्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे अद्याप पाण्यावर आहे!

ह्या टिकाऊपणाचे मर्म सागाच्या गाभ्यात आहे. त्यातील तेलकट द्रव्यामुळे वाळवी सहसा लागत नाही, ओकच्या लाकडाप्रमाणे लोखंडी खिळे गंजत नाहीत आणि ऊनपावसात फळी फारशी आकसत-फुगत नाही. म्हणूनच दारे, तुळया व पलंग सागाचे करावेत असे प्रत्येकास वाटते. मात्र हा गाभा भरण्यास वर्षे लागतात. कोवळ्या सागात पांढरे लाकूडच अधिक, आणि ते वाळवी आवडीने खाते.

नेमके हेच विसरून पुष्कळांची फसगत झाली. १९९० नंतर ‘थोड्या वर्षांत सागापासून लाखो रुपये’ अशा जाहिरातींचे पीक आले. अनेकांची पुंजी बुडाली आणि अखेर १९९९ साली सेबीला अशा सामूहिक गुंतवणुकीच्या योजनांसाठी नियम करावे लागले. मुलीच्या लग्नासाठी जमविलेला पैसा अशा योजनेत घालावा काय, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर एकच : घालू नये.

मग साग लावूच नये काय? अवश्य लावावा, परंतु जमीन पाहून. डांग व वांसद्याच्या डोंगरउतारावर तो सुखाने वाढतो, कारण तेथे पाऊस भरपूर आणि पाण्याचा निचराही होतो. त्याला खोल माती, मोकळे ऊन आणि वर्षातून तीन ते पाच कोरडे महिने हवेत. पाणी साचणारी चिकण काळी जमीन किंवा भरतीची खारी जमीन त्याला मानवत नाही. इच्छापोरसारख्या खाडीजवळच्या गावी उंच बांधावर चार झाडे लावावीत. भाताचे खाचर त्यासाठी मोडू नये. पावसाच्या आरंभी जडी लावावी, पहिली दोन-तीन वर्षे तण काढावे, गुरांपासून जपावे. दाटी झाल्यास विरळणी करावी. तोडण्यापूर्वी वनखात्याच्या परवानगीची चौकशी करावी.

सागाचे कोवळे पान चुरगाळले की बोटे लाल होतात, हे मुलांना ठाऊक असते. वाचकहो, त्याच मुलांच्या हातून ही जडी लावून घ्या. तुळई त्यांच्या नातवंडांच्या घराला होईल.